आधी काम, मग रूळ

सातपूरला रेल्वे नाही. एमआयडीसीत तयार झालेला माल ट्रक-टेम्पोत चढतो आणि त्र्यंबक रोडला नाहीतर अंबड लिंक रोडला लागतो. गाडी पकडायची तर नाशिकरोड गाठावं लागतं, म्हणजे पंधराएक किलोमीटर. तरीही घरात छोटी रेल्वे मांडायची हौस असेल तर सातपूरसारखं गाव नाही. पत्रा कापून वाकवून देणारे, लेझर कटिंगवाले, पितळेचा बोटभर तुकडा लेथवर काढून देणारे टर्नर, सोल्डरिंगला हात बसलेली आयटीआयची पोरं, सगळं हाकेच्या अंतरावर. शिवाय तासाभरात इगतपुरी येते, आणि इगतपुरीच्या खाली कसारा घाट. छोट्या रेल्वेसाठी याहून चांगला नमुना महाराष्ट्रात नाही, असं माझं ठाम मत आहे.

हा छंद सुरू करणारा माणूस बहुधा आधी इंजिन घेतो. सोबत खोक्यात आलेले वळणाचे रूळ जोडून एक गोल तयार करतो आणि गाडी सोडतो. पहिल्या दिवशी घरातली सगळी भोवती जमतात. आठवडाभरात गाडी पुन्हा खोक्यात जाते. इंजिनात खोट नसते. त्या गाडीला कुठे पोचायचं नसतं, काही न्यायचं-आणायचं नसतं, कुणासाठी थांबायचं नसतं. रुळांचा आराखडा करायचा म्हणजे गाडीला काम लावून द्यायचं, आणि ते काम ठरल्याशिवाय कागदावर एक रेघही ओढू नये.

सातपूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. प्रेस शॉपमध्ये नवं मशिन बसवायचं तर पहिला प्रश्न असतो, कॉइल कुठून आत येणार, ब्लँक कुठे पडणार, पुढच्या ऑपरेशनला कसे जाणार आणि तयार माल कुठल्या शटरने बाहेर निघणार. मशिनची जागा त्यावरून ठरते. रुळांचंही अगदी असंच आहे.

आता घाटाकडे पाहा. कसारा ते इगतपुरी ही लाइन १ जानेवारी १८६५ला सुरू झाली. जीआयपी रेल्वेच्या इंजिनिअरांना पंधराएक किलोमीटरच्या अंतरात जवळपास तीनशे मीटर उंची गाठायची होती. सगळ्यात तीव्र चढ एकास ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढावर भरलेली गाडी पुढच्या इंजिनांच्या भरवशावर सोडत नाहीत. कसाऱ्याला मागून जादा इंजिन लागतं. रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. इगतपुरीला बँकर सुटतो आणि रिकामा खाली येतो, पुढच्या गाडीसाठी. उतरणारी गाडी इगतपुरीला थांबते, ब्रेकची तपासणी होते आणि मगच घाटात शिरते. १९३०च्या सुमारास मुंबईकडची १५०० व्होल्ट डीसी वीज इगतपुरीपर्यंत आली आणि त्यानंतर अनेक दशकं तिथे इंजिनं बदलली जात.

म्हणजे बघा, काम आयतंच मिळालं. गाडी येते, बँकर लागतो, चढ चढते, बँकर सुटतो, इंजिन बदलतं, बँकर परत येतो. एवढ्याशा कामाला दोन माणसं संध्याकाळभर पुरतात, आणि त्यासाठी अख्खा घाट लागत नाही. दोन स्टेशनं आणि मधला चढ पुरतो.

अख्खा घाट करायचाच म्हटलं तर काय होईल, हे एकदा आकड्यांत पाहून घ्यावं. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण आहे एचओ, म्हणजे खऱ्याच्या एक ८७वा भाग. पंधरा किलोमीटरचा घाट एचओमध्ये १७० मीटरहून लांब होतो. तीनशे मीटरचा चढ साडेतीन मीटरच्या जवळ जातो, म्हणजे इगतपुरी वरच्या मजल्यावर. घाटातला एहेगावचा पूल ५५ मीटरांच्या आसपास उंच. तो एकटाच ६३ सेंटिमीटर भरेल. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटर लांब. सातपूरच्या रो-हाउसमधली खोली बहुधा दहा बाय बारा फुटांची असते. तेव्हा काटछाट करावीच लागते. काय छाटायचं हे कामावरून ठरतं. पुलाची उंची निम्मी केली तर काही बिघडत नाही. बँकर उभा राहायची जागा छाटली तर सगळा आराखडाच गेला.

इथे रुंदीचाही एक मुद्दा आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, एचओमध्ये ती १९.२ मिलिमीटर व्हायला हवी. बाजारात मिळणारे एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांसाठी बनतात. म्हणजे आपल्या गाड्या त्यावर किंचित अरुंद पायांवर उभ्या दिसतात. १९.२ मिलिमीटरचे रूळ, सांधे (म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे जोड) आणि चाकांचे आस घरी बनवणं सातपूरच्या कारागिराला अशक्य नाही, पण सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. ते एक वेगळंच आयुष्यभराचं काम आहे.

खरी अडचण वळणांची. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा आहे की वळणाची त्रिज्या सर्वात लांब डब्याच्या तिप्पट तरी असावी. त्याहून कमी झाली की डबे एकमेकांना ओढून रुळावरून पाडतात, आणि पडले नाहीत तरी दिसायला वाईट दिसतात. आपला आयसीएफचा निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब. एचओमध्ये तो साडेचोवीस सेंटिमीटर. तिप्पट म्हणजे साडेत्र्याहत्तर. खोक्यातल्या रुळांची त्रिज्या असते ४५ सेंटिमीटरच्या आसपास. तो गोल आपल्या डब्यांसाठी बनलेलाच नाही.

अमेरिकेतले जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३मध्ये रुळांच्या आराखड्यावर एक पुस्तक लिहिलं, 'ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअ‍ॅलिस्टिक ऑपरेशन'. त्यांनी मांडलेली चौकोनांची पद्धत अजून कुणाला मागे टाकता आलेली नाही. ठरवलेली त्रिज्या घ्यायची, तिच्यात दोन शेजारच्या मार्गांमधल्या अंतराची दुप्पट मिळवायची आणि एवढ्या बाजूचे चौकोन खोलीच्या नकाशावर आखायचे. काटकोनातलं एक वळण एक चौकोन खातं. संपूर्ण वळसा घ्यायचा तर दोन चौकोनांची रुंदी हवी. खोलीत किती चौकोन बसतात ते मोजलं की कुठल्या आकाराचा आराखडा शक्य आहे ते त्याच मिनिटाला कळतं, आणि पुढचे महिने वाया जात नाहीत.

आपल्या खोलीला हे लावून पाहू. त्रिज्या साडेत्र्याहत्तर, दोन मार्गांतलं अंतर पाच, त्याची दुप्पट दहा; चौकोन झाला साडेत्र्याऐंशी सेंटिमीटरचा. बारा फुटांची भिंत ३६६ सेंटिमीटर. दोन्ही कोपऱ्यांतली वळणं दोन चौकोन घेतात, १६७ सेंटिमीटर गेले. सरळ उरले दोन मीटर. तिथे कसारा स्टेशन बसवायचं. स्टेशन म्हणजे निदान एक लूप लाइन हवी, आणि लूपच्या दोन्ही टोकांना सांधा हवा. एक सांधा २५ सेंटिमीटर खातो. उरला दीड मीटर. पुढचं इंजिन आणि मागचा बँकर, प्रत्येकी २४ सेंटिमीटर. उरले १०२. आयसीएफचा डबा कपलिंगसकट २५.६ सेंटिमीटर धरला तर चार डबे बरोबर १०२ सेंटिमीटर भरतात!

इथेच बहुतेकांचा घात होतो. कागदावर बरोबर बसलं म्हणजे रुळावर बसलं असं नाही. सांध्याच्या पलीकडे दोन मार्ग एकमेकांपासून पुरेसे दूर होईपर्यंत तिथे उभा असलेला डबा शेजारच्या गाडीला घासतो. खऱ्या रेल्वेत त्या जागी फाउलिंग मार्क असतो आणि गाडी त्याच्या आत उभी करावी लागते. लूपच्या दोन्ही बाजूंना सातआठ सेंटिमीटर त्यात जातात. म्हणून डबे चार नाहीत, तीन. आणि तीन डब्यांची मेल गाडी, पुढे एक इंजिन, मागे बँकर, हे काही मनाला पटत नाही.

मग मालगाडी घ्या. बॉक्सएन जातीची उघडी वाघीण १०.७ मीटरची, एचओमध्ये १२.३ सेंटिमीटर. तेवढ्याच जागेत सात वाघिणी ८६ सेंटिमीटर घेतात आणि फाउलिंग मार्कासाठी सोळा सेंटिमीटर मोकळे राहतात. सात वाघिणी, दोन इंजिनं: ही गाडी घाटात शोभते. छोट्या खोलीत मालगाडी चालवावी असं मी सगळ्यांना सांगतो ते याच हिशेबावरून. प्रवासी डबे कितीही देखणे असले तरी ते लांब असतात, आणि त्यांच्यापायी सगळा आराखडा ताणला जातो.

जुन्या काळात रमणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. वीज आल्यावर या घाटात डब्ल्यूसीजी-१ जातीची विजेची इंजिनं आली. पुढे-मागे लांब नाकं, मध्ये केबिन, आणि उभं असताना कण्हल्यासारखा आवाज. रेल्वेची माणसं त्याला खेकडा म्हणत. त्याचं अंग सांध्यासांध्यांत वळतं, म्हणून त्याची प्रतिकृती बऱ्याच आवळ वळणावरही न अडकता जाते. खेकडा आणि चारचाकी छोट्या वाघिणी अशी गाडी ठरवली तर त्रिज्या ५५-६० सेंटिमीटरवर आणता येते, चौकोन लहान होतो आणि त्याच खोलीत स्टेशन लांब होतं. काळ कुठला निवडायचा हा सजावटीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याच्यावर वळणाची त्रिज्या ठरते.

आता चढ. कसारा एका लांब भिंतीवर, इगतपुरी समोरच्या लांब भिंतीवर, मधे दहा फुटांची आखूड भिंत. दोन कोपऱ्यांतली वळणं प्रत्येकी ११५ सेंटिमीटर आणि मधला सरळ भाग १३८, मिळून ३.७ मीटरच्या जवळपास. एकास ३७ने चढलं तर बरोबर दहा सेंटिमीटर वर. चढ एकदम सुरू करता येत नाही, नाहीतर इंजिनाचं पोट रुळाला टेकतं किंवा कपलिंग सुटतं. दोन्ही टोकांना तो हळूहळू आणावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात आठ-नऊ सेंटिमीटर मिळतात. शिवाय वळणावर चाकं रुळाच्या कडेला घासतात आणि चढ वाटतो त्याहून जड होतो. या त्रिज्येला ही भर सुमारे एक टक्क्याची. मूळ चढ पावणेतीन टक्क्यांचा, म्हणजे वळणावर इंजिनाला पावणेचार टक्क्यांचा चढ ओढावा लागतो. वाघिणींत थोडं वजन भरलं की पुढच्या इंजिनाची चाकं तिथे घसरायला लागतात. मग मागचा बँकर शोभेचा राहत नाही. त्याला खरोखर जोर लावावा लागतो, आणि दोन्ही इंजिनं चालवणाऱ्या दोघांना एकमेकांचा वेग सांभाळावा लागतो. यात जो आनंद आहे तो गोल फिरणाऱ्या गाडीत कधीच मिळणार नाही.

मूळच्या लाइनवर घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशनही होतं. गाडी डोंगराच्या कडेला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. कमी जागेत जास्त उंची गाठायची ही दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती खोलीतही चालते. तिचा खर्च एवढाच की थांबण्याच्या टोकाला संपूर्ण गाडीच्या लांबीचा रूळ हवा. आपल्या सात वाघिणींच्या गाडीला तो १३४ सेंटिमीटर लागेल, आणि आखूड भिंतीचा सरळ भाग आहे १३८! मला हा मोह आवरत नाही, पण पहिल्याच आराखड्यात तो घालू नये.

गाडी कसाऱ्याला येते ती कुठून तरी यायला हवी. मुंबई खोलीत बसत नाही, मनमाडही नाही. त्यासाठी दाराच्या भिंतीवर, देखाव्याच्या बाहेर, साधे समांतर रूळ ठेवतात. तिथे तयार गाड्या थांबतात आणि आपल्या वेळेला स्टेजवर येतात. नवखा माणूस ही जागा वाया गेली असं समजतो. माझ्या मते आराखड्यातली सगळ्यात उपयोगाची जागा हीच. फक्त ती दुसऱ्या रुळांच्या खाली लपवायची नाही. दहा सेंटिमीटरच्या फटीत हात जात नाही, आणि रुळावरून उतरलेली वाघीण नेमकी तिथेच सर्वात आत पडलेली असते. हातही पाऊण मीटरपलीकडे पोचत नाही, तेव्हा कुठलीच फळी त्याहून खोल नसावी. दार असलेल्या भिंतीवर उचलून ठेवता येणारी फळी करावी. सातपूरला चौकोनी पाइपची हलकी फ्रेम आणि बिजागऱ्या बनवून घेणं हे काम तासाभराचं.

ज्यांच्याकडे खोलीच नाही, टीव्हीच्या वरची फळी तेवढी आहे, त्यांच्यासाठी ॲलन राइट या इंग्रज गृहस्थांची इंगलनुक नावाची योजना आहे. दोन सांधे आणि तीन सायडिंग. एका सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन, आणि पुढच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणी. त्यांतल्या पाच, चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमाने, लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात. दहा सेंटिमीटरच्या चारचाकी वाघिणी घेतल्या तर सगळं दीड मीटरमध्ये बसतं. हा खेळ आजच्या काळात मात्र ठेवू नये. आज कोळसा, धान्य, सिमेंट अशा एकेका मालाची सबंध गाडी एकाच ठिकाणी जाते, वाघिणी निवडून लावायचं काम फारसं उरलेलं नाही. पूर्वी मालधक्क्यावर एखाददुसरी वाघीण येऊन लागायची. म्हणून फळी लहान असेल तर नाशिकरोडचा किंवा लासलगावचा जुना मालधक्का करा, कांद्याच्या गोण्या आणि बैलगाड्यांसकट.

सगळ्यांचं ध्येय गाडीला काम लावण्याचं नसतं, हेही मान्य करायला हवं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे एचओ प्रमाणातलं अख्खं शहर आहे, आणि पाहायला येणाऱ्या मुलांना एकाच वेळी अनेक गाड्या सतत धावताना दिसायला हव्यात. तिथे बंद वळसेच योग्य. प्रेक्षकांसाठी केलेला आराखडा आणि चालवणाऱ्यासाठी केलेला आराखडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरात हवा तो दुसरा. सातपूरहून पुण्याला जाणं झालं तर हे संग्रहालय जरूर पाहावं, पण परत आल्यावर त्याची नक्कल करू नये.

आराखड्यात एक फास बहुतेकांच्या नकळत शिरतो. गाडी उलटी फिरवण्यासाठी रूळ वळवून पुन्हा स्वतःलाच आणून जोडले, की डावा रूळ उजव्याला भिडतो. दोन रुळांतून वीज वाहणाऱ्या पद्धतीत हा सरळ शॉर्ट सर्किट. त्या वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लास्टिकचे जोड घालावे लागतात आणि मधल्या तुकड्याला वेगळी वीज द्यावी लागते. तो तुकडा संपूर्ण गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर पुढची चाकं बाहेर पडताना मागची अजून आत येत असतात. फास कुठे आहे ते कागदावर एक रूळ लाल आणि एक निळा रंगवला की लगेच दिसतं. संगणकावर काढायचं तर एक्सट्रॅककॅडसारखी मोफत साधनं आहेत. ती सांध्याची खरी लांबी आपोआप धरतात, आणि पेन्सिलीने काढताना सांधा नेहमी आखूड काढला जातो, त्याला ती चाप लावतात.

नाशिकच्या माणसाला आणखी एक विषय हक्काचा आहे. रेल्वे गावाबाहेरून गेली, म्हणून १८८९मध्ये नाशिक गाव आणि नाशिकरोड यांच्यामध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचे सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे बांधली. ट्रामचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे. एचओमध्ये ते ८.७५ मिलिमीटर होतात, आणि एन प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात सहज मिळतात. ब्रॉडगेजला जे भाग्य लाभत नाही ते या ट्रामला लाभतं. रुळांची रुंदी जवळजवळ तंतोतंत जुळते. इगतपुरीऐवजी नाशिकरोड स्टेशन निवडलं तर समोरच्या अंगाला ही ट्राम आणि तिचं छोटं वळण वीस सेंटिमीटरच्या पट्टीत बसवता येतं.

आराखडा पक्का झाला की तो खऱ्या मापात जमिनीवर मांडून पाहावा. सांध्यांची कागदी मापं कापून, पट्ट्या जोडून, वर एक वाघीण आणि एक डबा हाताने फिरवून. जिथे हात अवघडतो तिथे आराखडा चुकलाय. मग फळ्या कापायला द्याव्यात. प्लायवुडला दोन्ही अंगांनी रंग द्यायला विसरू नये. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि फुगतं, आणि फुगलेली फळी वर बसवलेले रूळ ओढून नेते. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, ते उन्हाने वाढतात. थंडीत पारा दहाच्या खाली आणि मे महिन्यात चाळीसपर्यंत जाणाऱ्या आपल्या गावात एक मीटर रूळ वर्षभरात अर्धा मिलिमीटर कमीजास्त होतो. म्हणून डिसेंबरात रूळ टाकत असाल तर दर मीटरच्या जोडाला व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून थोडी जास्त फट सोडा, मेमध्ये टाकत असाल तर जोड टेकवून बसवा, आणि फट असलेल्या प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांना विजेची तार वेगळी सोल्डर करा.